मालकी, ताबा आणि एक इंग्रजी क्रियापद

(विविध भारतीय भाषांतील अनुवादकांच्या शिबिरात दिलेले व्याख्यान)



या शिबिरात बोलण्यासाठी विषय निवडण्याची मोकळीक मला देण्यात आली, तेव्हा एखादा भारदस्त विषय घ्यावा असा मोह प्रथम झाला. अनुवादाची तत्त्वे, अनुवादकाचे स्वातंत्र्य, मूळ कृतीशी निष्ठा यांवर तासभर बोलणे फारसे अवघड नाही. तथापि गेली वीस वर्षे इंग्रजी ग्रंथांचे मराठी अनुवाद करीत असताना तत्त्वांनी माझी वाट क्वचितच अडवली. ती अडवली अगदी साध्या दिसणाऱ्या शब्दांनी. म्हणून आज मी एकाच क्रियापदाविषयी बोलणार आहे. ते क्रियापद म्हणजे ‘पझेस’. लहान शब्दकोशात त्याला जेमतेम दोन-तीन ओळी मिळतात, आणि त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही असे आपल्यापैकी कोणीही म्हणणार नाही. मलाही तसेच वाटत होते. परंतु या शब्दाचा मी केलेला अनुवाद एका कुटुंबाच्या शेतजमिनीपर्यंत जाऊन पोचला. ती हकीकत मी यथावकाश सांगेन. ती नीट समजावी यासाठी आधी या शब्दाचा स्वभाव पाहू.

इंग्रजीत मालकीचा किंवा जवळ असण्याचा भाव सांगणारी क्रियापदे मुख्यतः चार. ‘हॅव्ह’ हे सर्वांत मोघम. ताप, भाऊ, घर, शंका, सवड, सारे काही त्याच्या पोटात मावते. ‘ओन’ म्हणजे कायद्याने वा रूढीने एखाद्या वस्तूचा धनी असणे. ‘बिलाँग’ हे तेच नाते उलट्या दिशेने सांगते. तेथे वस्तू कर्ता होते आणि धनी मागे सरतो. ‘पझेस’ मात्र या सर्वांच्या सीमेवर उभे आहे. घरमालक घर ‘ओन’ करतो, तर त्याच घरात राहणारा भाडेकरू ते ‘पझेस’ करतो. चोराने पळवलेले घड्याळ चोर ‘पझेस’ करतो. ते तो ‘ओन’ करतो असे कोणीच म्हणणार नाही. येथपर्यंत सारे स्वच्छ आहे. पण हेच क्रियापद एखाद्या जमीनदाराविषयी वापरले, तर तो अमुक इतक्या जमिनीचा मालक आहे असाच त्याचा अर्थ होतो. म्हणजे हा शब्द कधी नुसता ताबा सांगतो, कधी पूर्ण मालकी सांगतो, आणि कधी या दोहोंमध्ये कोठेतरी घुटमळत राहतो.

त्याच्या वापराचे आणखीही काही विशेष आहेत. गुणांच्या बाबतीत तो सहज चालतो. धैर्य, विनोदबुद्धी, स्मरणशक्ती या गोष्टी इंग्रजीत ‘पझेस’ करता येतात, त्यांच्याविषयी ‘ओन’ चालत नाही. तो स्थितिवाचक असल्यामुळे एरवी चालू काळाचे रूप घेत नाही. आपल्याकडच्या इंग्रजीत ‘आय ॲम पझेसिंग’ अशी रचना कानी येते, ती इंग्रजीच्या प्रकृतीला मानवत नाही. कर्मणी रूपात तर त्याचा अर्थ पार फिरतो. तेथे माणूस वस्तूचा धनी राहत नाही, दुसरेच काही त्या माणसाचे धनी होते. भुताने झपाटणे, अंगात संचार होणे, एखाद्या कल्पनेने पछाडले जाणे, या सर्वांसाठी इंग्रजी हाच शब्द योजते.

व्युत्पत्ती पाहिली म्हणजे याचे मर्म काहीसे उलगडते. लॅटिनमधील ‘पोसिदेरे’ या क्रियापदापासून हा शब्द आला. त्याचे दोन घटक सांगतात : ‘पोतिस’ म्हणजे समर्थ, सत्ताधीश, आणि ‘सेदेरे’ म्हणजे बसणे. सत्ताधीश होऊन बसणे, हा मूळ अर्थ. यांतला पहिला घटक संस्कृतातील ‘पति’ या शब्दाचा सगोत्र आहे आणि दुसरा ‘सद्’ या धातूचा. मराठीतही आपण म्हणतो, ‘तो त्या जमिनीवर ठाण मांडून बसला आहे’, ‘भावाचा वाटा बळकावून बसला आहे’. ‘बसणे’ हे क्रियापद आपल्या बोलीतही ताब्याची खूण होऊन राहिले आहे. मात्र बसला आहे तो धनी असेलच असे नाही, हे ती बोलीच सुचवते.

आता आपल्या भाषांकडे वळू. इंग्रजी ‘हॅव्ह’ला शब्दशः प्रतिशब्द मराठीत नाही, आणि तो हिंदी, बंगाली, कन्नड, तमिळ या भाषांतही नाही. संस्कृतही षष्ठी विभक्ती आणि ‘अस्’ धातू यांवर काम भागवते. आपल्या भाषांत धनी हा वाक्याचा कर्ता सहसा होत नाही. वस्तू ‘असते’, आणि ज्याची ती असते तो विभक्तीच्या किंवा शब्दयोगी अव्ययाच्या आडोशाला उभा राहतो. हिंदीभाषक ‘मेरे पास’ म्हणतो, बंगाली माणूस ‘आमार’ म्हणून ‘आछे’ म्हणतो, कन्नड माणूस वस्तूंसाठी ‘नन्न हत्तिर’ आणि मुलाबाळांसाठी ‘ननगे’ म्हणतो. आपापल्या भाषेतली वाक्ये तुम्ही मनात जुळवून पाहालच.

मराठीत या ‘असण्या’च्या किती तऱ्हा आहेत ते पाहा. ‘मला दोन भाऊ आहेत.’ ‘माझ्याजवळ शंभर रुपये आहेत.’ ‘माझ्याकडे त्यांचे पुस्तक आहे.’ ‘साताऱ्याला माझे घर आहे.’ ‘तिच्यात जिद्द आहे.’ ‘शेत आईच्या नावावर आहे.’ ही सहा वाक्ये इंग्रजीत एकाच ‘हॅव्ह’ने बहुतेक निभावतील. मराठीत मात्र प्रत्येक ठिकाणी नाते निराळे, म्हणून प्रत्यय वा अव्यय निराळे. ‘त्याला दोन मुली आहेत’ आणि ‘त्याच्याकडे दोन मुली आहेत’ या वाक्यांत केवढे अंतर आहे! पहिल्यात तो बाप आहे. दुसऱ्यात शिक्षणासाठी कोणाच्या तरी मुली त्याच्या घरी राहिल्या आहेत. ‘त्याला दहा एकर शेती आहे’ म्हटले की तो शेतीचा धनी ठरतो. ‘त्याच्याकडे दहा एकर शेती आहे’ असे म्हटले, तर ती त्याने खंडाने किंवा वाट्याने घेतलेलीही असू शकेल. अलीकडे अनुवादांत ‘माझ्याकडे एक भाऊ आहे’, ‘तिच्याकडे निळे डोळे आहेत’ अशी वाक्ये आढळू लागली आहेत. वाचक त्यांना हसतो आणि पुढे जातो. परंतु डोळ्यांच्या ठिकाणी जमीन आली की हसण्यावारी नेण्याजोगे काही उरत नाही.

मराठीत या अर्थाचे सकर्मक क्रियापद मुळीच नाही असे मात्र समजू नये. ‘बाळगणे’ हे एक आहे. माणूस शस्त्र बाळगतो, कुत्रा बाळगतो, अभिमान बाळगतो, आशाही बाळगतो. विनापरवाना शस्त्र जवळ असणे या अर्थाच्या ‘पझेस’ला ‘बाळगणे’ इतका चपखल शब्द दुसरा नाही. पण जमीन कोणी बाळगत नाही. जमीन माणूस ‘कसतो’, ‘वहिवाटतो’, ‘राखतो’. कायद्याच्या मराठीत तो ती ‘धारण करतो’. महाराष्ट्रात जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा अधिनियम १९६१ साली झाला. त्यात जमीन धारण करणे म्हणजे मालक म्हणून वा कूळ म्हणून जमीन कायदेशीरपणे प्रत्यक्ष ताब्यात असणे, अशी व्याख्या आहे. मालक आणि कूळ हे दोघेही तेथे एकाच क्रियापदाखाली आले.

जमिनीच्या संदर्भात हे शब्द जपून वापरण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात आणि तिच्यावरील विज्ञानेश्वराच्या मिताक्षरा टीकेत ‘आगम’ आणि ‘भोग’ यांचा ऊहापोह आहे. वस्तू कोणत्या मार्गाने आपली झाली तो आगम, आणि तिचा प्रत्यक्ष उपभोग तो भोग. या दोहोंत प्रबळ कोण, हा तेथला प्रश्न. आजचा आपला ‘भोगवटादार’ हा शब्द त्याच ‘भोगा’शी नाते सांगतो. सामान्य माणूस सातबाराच्या उताऱ्याला मालकीचा कागद समजतो. परंतु त्या उताऱ्यावर जमीनधारकाच्या नावाशी शब्द असतो तो ‘भोगवटादार’, वर्ग १ किंवा वर्ग २. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि नमुना बारा ही पिकांची नोंदवही. दोन्ही महसुलाच्या कामाचे कागद आहेत, आणि केवळ अशा नोंदीने मालकी निर्माण होत नाही असे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे. उलट, ताब्यातून मालकी निर्माण झाल्याचीही उदाहरणे आहेत. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चा. त्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने, जमीन स्वतः कसणारी पात्र कुळे १ एप्रिल १९५७ रोजी त्या जमिनीची खरेदीदार मानली गेली. काल जो केवळ कसत होता तो कायद्याच्या दृष्टीने मालकीच्या वाटेला लागला. मुदतीच्या १९६३ च्या कायद्यानुसारही खाजगी जमिनीवर दुसऱ्याने बारा वर्षे उघडपणे आणि मालकाचा हक्क नाकारून ताबा ठेवला, तर मालकाचा दावा मुदतबाह्य होऊ शकतो. ताबा आणि मालकी यांच्यामध्ये अशी ये-जा चालू असते. त्यांच्यातली भिंत अनुवादकाने आपल्या मर्जीने पाडू नये आणि आपल्या मर्जीने बांधूही नये.

आता ती हकीकत. काही वर्षांपूर्वी सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या, कौटुंबिक कायद्यांची ओळख करून देणाऱ्या एका इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद मी केला. त्यात हिंदू उत्तराधिकार अधिनियमावर एक प्रकरण होते. हा अधिनियम १७ जून १९५६ रोजी अमलात आला. त्यापूर्वी पतीच्या मागे विधवेला मालमत्ता मिळाली तरी ती बहुधा मर्यादित हक्काने मिळे. १९३७ च्या कायद्याने तिला वाटा दिला, पण तोही तसाच मर्यादित. उत्पन्न तिने हयातीपर्यंत खावे. कायद्याने मान्य केलेल्या गरजेखेरीज ती मालमत्ता विकू नये. तिच्या पश्चात ती पतीच्या वारसांकडे जावी. १९५६ च्या अधिनियमाच्या चौदाव्या कलमाने ही स्थिती पालटली. हिंदू स्त्री जी मालमत्ता ‘पझेस’ करते, ती तिला अधिनियमापूर्वी मिळालेली असो वा नंतर, ती मालमत्ता ती यापुढे मर्यादित मालक म्हणून नव्हे तर पूर्ण मालक म्हणून धारण करील, असा त्या कलमाचा आशय आहे.

मी लिहिले : ‘हिंदू स्त्रीच्या ताब्यात असलेली मालमत्ता’. शब्दकोश माझ्या बाजूने होता. वाक्य सुटसुटीत झाले होते. पुस्तक छापले गेले आणि मी पुढच्या कामाला लागले.

वर्षभराने प्रकाशकांच्या पत्त्यावर माझ्या नावे एक पत्र आले. लिहिणारी मुलगी पदवीच्या वर्गात शिकत होती. तिचे वडील वारले, तेव्हा सातबारावर तिच्या आईचेही नाव लागले होते. पण शेत पहिल्यापासून काकाच कसत होते आणि आई दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जात होती. आता काकांनी हक्कसोडपत्रावर सही मागितली होती. घरात वाद झाला तेव्हा कोणीतरी वाचनालयातून माझे पुस्तक आणले आणि ते पान सर्वांसमोर वाचले. मुलीने लिहिले होते, ‘ताब्यात असलेली मालमत्ता तिची होते असे पुस्तकात आहे. माझ्या आईच्या ताब्यात एक गुंठाही नाही. मग आमचा विषय संपला असे समजायचे काय? सही करावी असे सर्वांचे म्हणणे आहे.’

ते पत्र वाचून मी किती अस्वस्थ झाले ते येथे सांगत बसत नाही. मी एका ज्येष्ठ वकिलांकडे गेले आणि मूळ वाक्य व माझे वाक्य त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी मला तीन निकाल वाचायला दिले. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले होते की, या कलमातील हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावयाचा आहे. प्रत्यक्ष ताब्याबरोबरच कायद्याने मान्य केलेला अप्रत्यक्ष ताबाही त्यात येतो. १९६६ च्या निकालाने दुसरी बाजू सांगितली : मालमत्तेवर स्त्रीचा मुळात कसलाच हक्क नसेल, तर ती नुसती तेथे जाऊन बसली म्हणून पूर्ण मालक होत नाही. तिसरा निकाल १९६७ चा, आणि तो तर जणू माझ्याच चुकीसाठी लिहिला होता. पंजाबातील एका विधवेला पतीच्या भाऊबंदांनी अधिनियमापूर्वीच जमिनीवरून हुसकावले होते. तिने दावा लावला; दरम्यान अधिनियम अमलात आला; आणि निकालापूर्वीच ती वारली. जमीन तिच्या हाती नव्हतीच, तेव्हा तिला चौदावे कलम लागू नाही, असा भाऊबंदांचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. तिचा हक्क शाबूत होता आणि ताबा परत मिळवण्याचा तिला अधिकार होता. तेवढ्याने ती या कलमाच्या अर्थी जमीन ‘पझेस’ करीत होती.

माझ्या ‘ताब्यात असलेली’ या दोन शब्दांनी त्या स्त्रीला पुन्हा एकदा जमिनीवरून हुसकावले असते. पुस्तकाच्या पानावर भाऊबंदांचा युक्तिवाद मीच मान्य करून टाकला होता.

मग ‘मालकीची मालमत्ता’ असे लिहायला हवे होते काय? तेही चालले नसते. ‘मालकीची मालमत्ता ती मालक म्हणून धारण करील’ ही तर निव्वळ पुनरुक्ती झाली. शिवाय जिला पूर्ण मालकी कधी मिळालीच नव्हती, तिच्यासाठी हे कलम आले. पोटगीच्या बदल्यात हयातीपुरती मालमत्ता मिळालेली स्त्री या शब्दाने कलमाच्या बाहेरच राहिली असती. अशाच एका विधवेला १९४९ च्या तडजोडीने मिळालेली मालमत्ता सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तिच्या पूर्ण मालकीची ठरवली. त्या निकालाने चौदाव्या कलमाच्या दोन उपकलमांमध्ये जी सीमा आखली तिच्याविषयीचा वाद आजही मिटलेला नाही. २०२४ च्या डिसेंबरात तो प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. सांगायचे ते इतकेच की, ‘ताबा’ हा शब्द येथे तोकडा पडतो आणि ‘मालकी’ हा शब्द मूळ वाक्यच निकामी करतो. इंग्रजी क्रियापद या दोहोंच्या मध्ये उभे होते, आणि कायद्याला ते तेथेच हवे होते.

त्या मुलीला मी उत्तर पाठवले. पुस्तकातील वाक्य अपुरे असून तो दोष माझा आहे, ताबा दुसऱ्याकडे गेल्याने तुमच्या आईचा हक्क आपोआप नाहीसा होत नाही, वारसा उघड झाला त्या वेळचे कागद घेऊन वकिलांना भेटा, आणि तोवर सही करू नका, असे त्यात लिहिले. काळ दवडू नका हेही लिहिले, कारण मुदतीचा कायदा कोणासाठी थांबत नाही. पुढील आवृत्तीसाठी मी ते वाक्य असे केले : ‘हिंदू स्त्रीला ज्या मालमत्तेवर हक्क आहे अशी मालमत्ता, मग ती प्रत्यक्ष तिच्या ताब्यात असो, अथवा तिचा हक्क कायम असता ताबा दुसऱ्याकडे असो’. वाक्य लांबले, त्याचा डौल गेला, हे मला दिसते. सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकात असा विस्तार करण्याची मुभा अनुवादकाला असते. प्रत्यक्ष अधिनियमाच्या संहितेचा अनुवाद करणाऱ्याला ती नसते. त्याने एकच पारिभाषिक शब्द ठरवावा, तो शेवटपर्यंत पाळावा, आणि अर्थ लावण्याचे काम न्यायालयाकडे सोडावे. आपण यांपैकी कोणते काम करीत आहोत, हे अनुवादकाने लेखणी हाती घेण्यापूर्वी ठरवले पाहिजे. मी ते ठरवले नव्हते. पुस्तक होते सामान्य वाचकाचे, आणि वाक्य मी संहितेच्या थाटात लिहिले.

यावरून माझ्यापुरता एक नियम मी घालून घेतला आहे, तो आपल्यापुढे ठेवते. मालकीच्या अर्थाचा इंग्रजी शब्द समोर आला की मी तीन प्रश्न विचारते. वस्तू आज कोणाच्या हातात आहे? ती कोणाच्या नावावर आहे? आणि ती परत मागण्याचा अधिकार कोणाला आहे? तिन्ही उत्तरे एकाच व्यक्तीकडे बोट दाखवीत असतील तर कोणताही शब्द चालेल. ती फाकली, तर शब्दकोश मिटून ठेवावा, विषयाच्या जाणकाराकडे जावे, आणि हे वाक्य वाचून सही करणारे किंवा न करणारे माणूस डोळ्यांपुढे आणावे. स्त्रिया, कुळे, आदिवासी, झोपडपट्टीत राहणारी कुटुंबे, यांच्या बाबतीत ही उत्तरे बहुधा फाकतातच. ज्यांचे हात, नाव आणि अधिकार एकत्र असतात त्यांना आपल्या अनुवादाची फारशी गरज पडत नाही.

समारोपापूर्वी ‘पझेस’च्या शेजारच्या ‘ओन’विषयी एक गोष्ट सांगते. जुन्या इंग्रजीत ‘आगान’ असे एक क्रियापद होते, त्याचा अर्थ जवळ असणे, धनी असणे. त्याच कुळातून आजचे ‘ओन’ आले. त्यातूनच ‘ओ’ म्हणजे देणे लागणे हे क्रियापद आले, आणि ‘ऑट’ म्हणजे अमुक करणे आपले कर्तव्य आहे असे सांगणारा शब्दही तेथूनच निघाला. संस्कृतातील ‘ईश्’ हा सत्तावाचक धातू या कुळाचा दूरचा नातलग मानला जातो. आणि चूक पत्करणे या अर्थीही इंग्रजीत ‘ओन’ हेच क्रियापद वापरतात. मालकी, देणे, कर्तव्य आणि कबुली या चारही गोष्टी एका घरात वाढल्या, हे मला त्या पत्रानंतर विशेष जाणवू लागले.

त्या मुलीचे दुसरे पत्र चार महिन्यांनी आले. ते दोनच ओळींचे होते. आईने सही केली नाही, आणि वाटपाचा दावा दाखल केला आहे, एवढेच त्यात होते. प्रकाशकांनी शिल्लक प्रतींत शुद्धिपत्र चिकटवले. परंतु त्यापूर्वी विकल्या गेलेल्या प्रती आजही वाचनालयांत असतील, आणि त्यांत ते वाक्य जसेच्या तसे असेल. आपल्यापैकी कोणाच्या हाती ती प्रत पडली, तर त्या पानावर पेन्सिलीने एवढे लिहावे : ‘ताब्यात नसली तरीही.’